स्वित्झर्लंडहून पॅरिसच्या डिस्नेलँडला रेल्वेने: पास घ्यावा की तिकिटे काढावीत?

इंदिरानगरमधील एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे. येत्या मे महिन्यात ते, त्यांच्या पत्नी, ६६ वर्षांच्या आई, १३ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा असे पाच जण युरोपला जाणार आहेत. विमानाने झुरिकला उतरायचे, पाच दिवस स्वित्झर्लंड पाहायचे, मग रेल्वेने पॅरिसला जायचे, तिथल्या मुक्कामात एक दिवस मुलांसाठी डिस्नेलँड करायचे आणि पॅरिसहूनच मुंबईला परतायचे, असा बेत आहे. एका एजंटाने पाचही जणांसाठी युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांत चालणारा रेल्वे पास) आणि डिस्नेलँडच्या शेजारच्या हॉटेलात दोन रात्री असा प्रस्ताव दिला आहे. रक्कम पाहून त्यांनी विचारले आहे की रेल्वेचा खर्च कमी करण्याचा काही मार्ग आहे का, पास खरोखर आवश्यक आहे का, आणि व्हिसा हातात नसताना तिकिटे कशी काढायची.

मी नाशिकमध्ये राहून अनेक वर्षे कुटुंबांना परदेश प्रवासाची आखणी करून देते, आणि हा प्रश्न दर उन्हाळ्याच्या आधी कोणत्या ना कोणत्या रूपात माझ्यापुढे येतो. बहुतेक वेळा तो ‘पास की तिकीट’ असाच विचारला जातो. माझ्या मते खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. आपल्या संपूर्ण प्रवासात असे किती टप्पे आहेत ज्यांचे भाडे तिकीट कधी काढले यावर बदलते, आणि किती टप्पे असे आहेत ज्यांचे भाडे कधीही काढले तरी तेच राहते, हे आधी वेगळे केले पाहिजे. आपल्या बेतात पहिल्या प्रकारचा टप्पा फक्त एकच आहे, तो म्हणजे झुरिक ते पॅरिस. पॅरिसमधली मेट्रो, डिस्नेलँडला जाणारी उपनगरी गाडी आणि विमानतळाची गाडी यांचे भाडे ठरलेले असते. स्वित्झर्लंडमधल्या फिरण्यासाठी त्या देशाचा वेगळा पास आहे. त्यामुळे एका लांब टप्प्यासाठी अनेक देशांचा पास घेण्यात आपल्या कुटुंबाचा फायदा होईल असे मला वाटत नाही.

पासाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ‘पास घेतला की गाडीत बसायचे’ अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. युरेल पास युरोपबाहेरच्या रहिवाशांसाठी असतो आणि तो तीसहून अधिक देशांत चालतो. चार ते अकरा वर्षांच्या मुलांना मोठ्या माणसाबरोबर तो मोफत मिळतो, एका मोठ्या माणसामागे दोन मुलांपर्यंत. साठ वर्षांवरील व्यक्तींना आणि सत्तावीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना त्यात सवलत असते. म्हणजे आपल्या मुलाचा पास मोफत असेल, आईंना थोडी सवलत मिळेल, पण तेरा वर्षांच्या मुलीचा पास विकत घ्यावा लागेल. इथपर्यंतचा हिशेब एजंट सांगतात. पुढचा भाग बहुधा राहून जातो: फ्रान्सच्या वेगवान टीजीव्ही गाड्यांत आणि झुरिक-पॅरिस धावणाऱ्या टीजीव्ही लिरियात पास असला तरी आसनाचे आरक्षण सक्तीचे आहे. त्या आरक्षणाचे शुल्क माणशी वेगळे द्यावे लागते, मोफत पास असलेल्या मुलालाही ते चुकत नाही, आणि पासधारकांसाठी ठेवलेल्या जागा मर्यादित असतात. लिरियाच्या बाबतीत तर हे शुल्कच पुष्कळदा लवकर काढलेल्या सर्वांत स्वस्त तिकिटाच्या जवळ जाते. शिवाय पॅरिसच्या मेट्रोवर हा पास चालत नाही, आणि डिस्नेलँडला जाणाऱ्या उपनगरी गाडीचे तिकीटही वेगळेच काढावे लागते. मग ज्या दिवसासाठी एवढी तयारी, त्या दिवशी पासाचा उपयोग शून्य.

पास वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड अशा, आरक्षणाची सक्ती फारशी नसलेल्या देशांत जे प्रवासी रोज गाव बदलतात आणि उद्या कुठे जायचे हे आज रात्री ठरवतात, त्यांना तो फार सोयीचा पडतो. आपला प्रवास तसा नाही. आईंना घेऊन, दोन मुले आणि सामान सांभाळून, ठरलेल्या तारखांना ठरलेल्या गावी जायचे आहे.

स्वित्झर्लंडच्या पाच दिवसांसाठी त्या देशाचा स्विस ट्रॅव्हल पास पाहावा, त्याचेही मुख्य कारण आपली मुलगीच आहे. त्या पासाबरोबर मागितल्यास फॅमिली कार्ड मोफत मिळते, आणि सहा वर्षे पूर्ण झालेल्या पण सोळाच्या आतील मुलांना आई किंवा वडिलांबरोबर त्यावर विनामूल्य प्रवास करता येतो. युरेलमध्ये जिचे पैसे भरावे लागले असते ती मुलगी इथे मोफत फिरते. रेल्वेखेरीज बस, सरोवरातल्या बोटी आणि बहुतेक शहरांतल्या ट्राम यांतही हा पास चालतो. आपण उंच डोंगरांवर जाणाऱ्या महागड्या गाड्यांवर भर देणार असाल आणि इतर फिरणे थोडे असेल, तर निम्म्या भाड्याचे हाफ फेअर कार्ड अधिक किफायतशीर ठरू शकते. ते तुमच्या पाच दिवसांच्या यादीवर अवलंबून आहे, आणि ती यादी प्रश्नात दिलेली नाही.

आता मुख्य टप्पा. झुरिकहून बाझल, म्युलूझ, दिजाँ या मार्गाने लिरिया सुमारे चार तासांत पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकावर पोहोचते. आपल्याकडे नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसचे तिकीट दोन महिने आधी काढले काय किंवा आदल्या दिवशी काढले काय, मूळ भाडे तेच राहते, आणि लवकर आरक्षण करण्याचा लाभ जागा मिळण्यापुरता असतो. टीजीव्हीचे भाडे विमानाच्या भाड्यासारखे चालते. स्वस्त दराच्या जागा आधी संपतात आणि नंतर येणाऱ्याला त्याच गाडीतली, त्याच वर्गातली तशीच जागा दुप्पट-तिप्पट भावाने घ्यावी लागते. तीन-चार महिने आधी पाहिल्यास झुरिक-पॅरिस तीस-चाळीस युरोंच्या आसपास मिळू शकते, तर ऐनवेळी तेच शंभर युरोंच्या पुढे गेलेले असते. पाच माणसांचा गुणाकार केला की आपल्या संपूर्ण रेल्वे खर्चातला सर्वांत मोठा फरक इथेच पडतो हे लक्षात येईल. म्हणून मे महिन्याच्या प्रवासासाठी जानेवारीच्या अखेरीपासून या एका गाडीवर लक्ष ठेवावे, आणि विक्री सुरू होताच तिकिटे काढावीत. तिथे आपल्यासारखी प्रतीक्षा यादी नसते, त्यामुळे नंतर जागा पक्की होईल अशा आशेवर थांबण्यात अर्थ नाही.

वार निवडणेही तितकेच महत्त्वाचे आहे. शुक्रवारची दुपार व संध्याकाळ आणि रविवारची संध्याकाळ या फ्रान्समध्ये गर्दीच्या वेळा आहेत, तर मंगळवार ते गुरुवारच्या मधल्या वेळच्या गाड्या बहुधा स्वस्त असतात. मे महिन्याची आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे १ मे ही महाराष्ट्र दिनाची सुट्टी, तर फ्रान्समध्ये त्याच दिवशी कामगार दिनाची सुट्टी असते. मग ८ मे रोजी दुसऱ्या महायुद्धातील विजयाची सुट्टी येते, आणि ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी येणारा असेन्शनचा गुरुवारही बहुधा मे महिन्यातच पडतो. गुरुवारची सुट्टी असली की पुष्कळ लोक शुक्रवारची रजा टाकून चार दिवस बाहेर पडतात. त्या दिवसांत गाड्याही महाग होतात आणि डिस्नेलँडमध्येही रांगा वाढतात. आपल्याकडच्या शाळांच्या सुट्ट्या पाहून तारखा ठरवताना तिथले हे दिवस कॅलेंडरवर आधी खुणा करून बाजूला ठेवले, तर पुढची पुष्कळशी काटकसर आपोआप होते.

एक छोटी युक्तीही तपासून पाहा. स्विस पासाचा शेवटचा दिवस आणि पॅरिसला निघण्याचा दिवस एकच ठेवल्यास झुरिक ते बाझल हा भाग पासात येतो आणि पुढचे तिकीट बाझल ते पॅरिस एवढेच काढावे लागते. बाझलहून पॅरिस तीन तासांच्या आसपास आहे. हे तिकीट नेहमीच स्वस्त असते असे नाही, कधी कधी झुरिकचे तिकीटही त्याच दरात मिळते. म्हणून दोन्ही दर शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, आणि बाझलला गाडी बदलणार असाल तर मध्ये किमान तासाभराचा अवकाश ठेवावा, कारण वेगवेगळी काढलेली तिकिटे असताना पहिली गाडी उशिरा आली तर दुसरीची जबाबदारी आपल्यावरच येते.

पॅरिसला उतरल्यावर एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. गार द लियाँ हे स्थानक आरईआर ए या उपनगरी मार्गावर आहे, आणि हाच मार्ग पूर्वेला मार्न-ला-व्हाले – शेसी या शेवटच्या स्थानकापर्यंत जातो. पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ३२ किलोमीटरवरचे डिस्नेलँड १२ एप्रिल १९९२ रोजी सुरू झाले. शेसी स्थानक त्याच्या दारातच आहे, बाहेर पडल्यावर चालत दोन-तीन मिनिटांत आपण प्रवेशद्वारापाशी असतो. शहराच्या मध्यभागातून गाडीला पाऊण तासापेक्षा कमी वेळ लागतो. जानेवारी २०२५ पासून पॅरिस आणि परिसरातल्या भाड्याची रचना बदलली, आणि विमानतळ वगळता सगळ्या भागासाठी मेट्रो व रेल्वेचे एकच सपाट तिकीट आले. २०२५ मध्ये ते २.५० युरोंचे होते. त्याआधी डिस्नेलँडला जायला एका बाजूचे ५ युरो पडत. दर जानेवारीत या दरांत थोडा बदल होतो, म्हणून निघण्यापूर्वी नवे आकडे पाहून घ्यावेत. मी हिशेब २०२५ च्या दरांनी मांडते, कारण निर्णयासाठी प्रमाण महत्त्वाचे आहे आणि ते फारसे बदलत नाही.

डिस्नेलँडच्या दिवशी चार मोठ्यांचे जाण्या-येण्याचे २० युरो होतात. तेरा वर्षांची मुलगी इथे मोठ्यांतच धरली जाते. चार वर्षांपुढील पण दहाच्या आतील मुलांना निम्मे भाडे असल्याने मुलाचे २.५० युरो, म्हणजे पाच जणांचे एकूण २२.५० युरो. कुणी खासगी गाडी किंवा विशेष बस सुचवली तर तिचा दर या आकड्याशेजारी ठेवून पाहावा, तो कित्येक पटींनी जास्त निघेल. गाडीत बसताना एवढेच पाहायचे की ती मार्न-ला-व्हाले – शेसीलाच जाणारी आहे, कारण याच मार्गाचा दुसरा फाटा बॉईसी-सँ-लेजेकडे वळतो. फलाटावरच्या फलकावर पुढच्या स्थानकांसमोर दिवे लागतात, त्यात शेसीचा दिवा लागला आहे का हे मुलांना पाहायला सांगा, त्यांना ते आवडते.

याच हिशेबावरून एजंटाच्या दुसऱ्या सूचनेचे, म्हणजे डिस्नेलँडशेजारी दोन रात्री राहण्याचे, मोल ठरवता येते. एकच दिवस पार्कमध्ये जायचे असेल तर त्या दोन रात्रींची मला गरज दिसत नाही. दोन दिवस पार्क करायचे असेल, किंवा रात्रीचा शेवटचा कार्यक्रम संपेपर्यंत थांबून आईंना पुन्हा पाऊण तासाचा प्रवास नको असेल, तर मुक्काम जवळ असणे योग्यच आहे. मात्र तेव्हाही पार्कच्या स्वतःच्या हॉटेलांपुरता विचार करू नये. शेसीच्या आधीचे स्थानक व्हाल द्युरोप आहे, तिथे मोठे व्यापारी संकुल आणि अनेक हॉटेले आहेत, आणि त्याआधी ब्यूसी-सँ-जॉर्ज, तोर्सी, नोईझी-ल-ग्राँ अशी स्थानके याच मार्गावर येतात. पूर्वी शहरापासून जितके दूर तितके भाडे जास्त, म्हणून बाहेर राहण्यातली बचत तिकिटात जाई. आता भाडे सपाट झाल्यामुळे या स्थानकांजवळ राहून एका बाजूला पॅरिस आणि दुसऱ्या बाजूला डिस्नेलँड असे दोन्ही करता येते. पाच माणसांना एका खोलीत सामावून घेणारी हॉटेले शहराच्या मध्यभागी दुर्मिळ आणि महाग असतात. स्वयंपाकघर असलेले छोटे घर या उपनगरांत अधिक सहज मिळते, आणि शाकाहारी कुटुंबाला त्याचा वेगळा आधार असतो.

आता पॅरिसमधल्या मुक्कामाचा एकत्रित हिशेब. इथे आठवड्याचा नाविगो पास मिळतो, त्यात पॅरिसचा सगळा परिसर, डिस्नेलँड आणि विमानतळसुद्धा येतो. २०२५ मध्ये तो ३१.६० युरोंचा होता, शिवाय ज्या कार्डावर तो भरायचा त्या नाविगो देकूवर्त कार्डाचे ५ युरो, म्हणजे ३६.६० युरो. हा पास कोणत्याही सात दिवसांचा नसतो, सोमवार ते रविवार असाच असतो, आणि चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंतच विकत घेता येतो. शुक्रवारी पॅरिसला पोहोचणाऱ्याला तो त्या आठवड्यासाठी मिळतच नाही, आणि शनिवार ते बुधवार राहणाऱ्याला दोन आठवड्यांत विभागला गेल्याने तो परवडत नाही. त्याऐवजी सुटी तिकिटे घेतली तर एका मोठ्या माणसाचे विमानतळाचे १३ युरो, डिस्नेलँडचे जाऊन-येऊन ५ युरो असे १८ युरो ठरलेलेच आहेत, उरलेला खर्च शहरातल्या फेऱ्यांचा. दर फेरी २.५० युरो धरली तर सात फेऱ्यांपर्यंत एकूण ३५.५० होतात, तोवर सुटी तिकिटे किंचित स्वस्त आहेत. आठवी फेरी झाली की ३८ होतात आणि पास स्वस्त पडतो. मंगळवारी येऊन रविवारी विमान पकडणारे कुटुंब दिवसाला दोन-तीन फेऱ्या सहज करते, आणि पास असला की बससुद्धा त्यातच येते. सुट्या तिकिटांत बसचे तिकीट वेगळे असते. आईंना मेट्रोच्या जिन्यांपेक्षा बस सोपी पडेल, हाही विचार त्यात धरावा.

म्हणून माझी सूचना अशी राहील की स्वित्झर्लंडहून मंगळवारी निघावे, पॅरिसला पोहोचताच स्थानकावर चार मोठ्यांचे आठवड्याचे पास करून घ्यावेत, गुरुवारी डिस्नेलँड करावे आणि रविवारी परतावे. तो गुरुवार असेन्शनचा नसावा एवढे पाहावे. बुधवार मी टाळते, कारण फ्रान्समध्ये पुष्कळ प्राथमिक शाळांना बुधवारी सुट्टी किंवा अर्धी सुट्टी असते. डिस्नेलँडचे तारखेनुसार मिळणारे प्रवेश तिकीटसुद्धा शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारी बहुधा स्वस्त असते, आणि त्यात बारा वर्षांपासून मोठ्यांचा दर लागतो. मुलाला मात्र आठवड्याचा पास घेऊ नये, निम्म्या दराची सुटी तिकिटे त्याला स्वस्त पडतील. ती तिकिटे भरण्यासाठी त्याला वेगळे नाविगो इझी कार्ड लागेल, त्याची किंमत २ युरो आहे. एकाच कार्डावर दोघांना एकदम प्रवास करता येत नाही, प्रत्येकाचे कार्ड वेगळेच असावे लागते, आणि तपासनीस मुलांचेही कार्ड पाहतात. देकूवर्त कार्डावर छोटा फोटो चिकटवावा लागतो. तो नाशिकहूनच कापून न्यावा, व्हिसासाठी फोटो काढतानाच चार प्रती जास्त काढल्या तर स्थानकावरच्या फोटोयंत्राचे पैसे वाचतात. एक दिवसाचा नाविगो पासही मिळतो, पण २०२५ मध्ये तो १२ युरोंचा होता आणि त्यात विमानतळ येत नाही. डिस्नेलँडच्या दिवशी जाण्या-येण्याचे ५ युरोच होत असल्याने त्या दिवसासाठी तो घेणे म्हणजे खर्च वाढवणे होईल.

परतीच्या दिवसाबद्दल मात्र मी काटकसरीचा आग्रह धरणार नाही. शेसी स्थानकातून शार्ल द गोल विमानतळावर थेट टीजीव्ही जाते, १९९४ पासून हे वेगवान गाड्यांचेही स्थानक आहे. तिला सुमारे दहा मिनिटे लागतात. उपनगरी गाड्यांनी तोच प्रवास करायचा तर शहरात शात्लेला येऊन गाडी बदलावी लागते आणि साधारण दीड तास जातो. आपला शेवटचा मुक्काम पूर्वेकडच्या उपनगरांत असेल, विमानाच्या वेळेला जुळणारी टीजीव्ही असेल आणि तिचे तिकीट लवकर काढल्यामुळे फार महाग नसेल, तर पाच माणसे, सामान आणि आईंचे गुडघे लक्षात घेऊन तीच घ्यावी, हातात आठवड्याचा पास असला तरीही. शात्ले हे फार मोठे आणि गुंतागुंतीचे स्थानक आहे, तिथे बॅगा ओढत जिने चढायला लावून वाचवलेले काही युरो मला बचत वाटत नाहीत. मुक्काम शहरात असेल तर अर्थातच आरईआर बी या दुसऱ्या उपनगरी मार्गाने सरळ विमानतळ गाठावे. येताना, म्हणजे लांबच्या विमानातून उतरून लगेच डिस्नेलँडला जाणाऱ्यांना, मी उलट सल्ला देते: इमिग्रेशनच्या रांगेत किती वेळ जाईल हे सांगता येत नाही, म्हणून ठरलेल्या वेळेची टीजीव्ही घ्यायचीच असेल तर विमान उतरल्यानंतर भरपूर अवकाश ठेवून घ्यावी.

हाच प्रश्न लंडनहून येणाऱ्यांनाही पडतो. लंडनहून डिस्नेलँडला थेट जाणारी युरोस्टार जून २०२३ मध्ये बंद झाली. आता लील किंवा पॅरिसला गाडी बदलावी लागते, आणि सामान व मुले असतील तर लीलला बदलणे सोपे जाते. ल्योन किंवा मार्सेयकडून येणाऱ्यांसाठी उईगो ही स्वस्त वेगवान गाडी आहे, तिची सुरुवातच २०१३ मध्ये शेसी स्थानकातून झाली. तिच्यात मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे लागतात, ते धरूनच तुलना करावी.

आपण स्वित्झर्लंडमध्ये असणारच आहात, म्हणून आणखी एक शक्यता नोंदवून ठेवते. मुलांना मिकी माऊसपेक्षा मोठे पाळणे आणि वेगवान राइड्स यांची अधिक ओढ असेल, तर जर्मनीतले युरोपा-पार्क बाझलपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे. १९७५ मध्ये सुरू झालेले हे जर्मनीतले सर्वांत मोठे थीम पार्क रुस्ट या गावी आहे, रिंग्सहाईम स्थानकावर उतरून पार्कच्या बसने जायचे असते. बाझल बाडिशर स्थानकापासून तिथपर्यंत बाडेन-व्युर्टेम्बर्ग तिकीट चालते, ते पाच जणांपर्यंतच्या गटाला एका दिवसासाठी मिळते आणि संख्या वाढली की माणशी खर्च उतरत जातो. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होते आणि फक्त साध्या गाड्यांत चालते, वेगवान आयसीई गाड्यांत नाही. बाझलपर्यंत स्विस पास असतोच. डिस्नेलँडची जागा ते भरून काढील असे मी म्हणणार नाही, कारण मुलांच्या मनात जे नाव असते तेच त्यांना हवे असते. पण पॅरिसचे दिवस कमी पडत असतील तर मुलांशी बोलून पाहावे.

तिकिटे कशी काढावीत याविषयी थोडे. लिरियाचे तिकीट त्यांच्या स्वतःच्या, फ्रेंच रेल्वेच्या किंवा स्विस रेल्वेच्या संकेतस्थळावर काढता येते. मध्यस्थांची संकेतस्थळे सोपी असली तरी काही जण सेवाशुल्क लावतात. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी सुरू करून घ्यावे लागतात, नाहीतर पैसे भरताना व्यवहार नाकारला जातो आणि तोवर स्वस्त दर निघून जातो. रक्कम रुपयांत भरायची की युरोंत असे विचारले गेले तर युरो निवडावे, कारण रुपयांत बदलून देणारा आपला विनिमय दर लावतो आणि तो बहुधा महाग असतो. बँकेचे परकीय चलनाचे शुल्क साधारण दोन ते साडेतीन टक्के असते व त्यावर जीएसटी लागतो. पाच जणांच्या तिकिटांवर हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नसतो, म्हणून हे शुल्क न लावणारे कार्ड घरात कुणाकडे असेल तर ते वापरावे.

शेवटची शंका व्हिसाची, आणि ती रास्त आहे. व्हिसा हातात नसताना तिकिटे कशी काढायची, असे आपण विचारले आहे. फ्रान्सच्या अंतर्गत टीजीव्ही इनुई गाड्यांचे साधे तिकीट निघण्याच्या सात दिवस आधीपर्यंत विनाशुल्क रद्द करता किंवा बदलता येते, त्यामुळे शेसी ते विमानतळ हे तिकीट व्हिसाआधी काढण्यात धोका नाही. लिरियाचे नियम तिकिटाच्या प्रकारानुसार बदलतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी परताव्याची अट वाचावी, आणि परतावा मिळणारे तिकीट थोडेच महाग असेल तर व्हिसा येईपर्यंत तेच घ्यावे. तारखा नक्की झाल्यावर, आपल्या मुलाला प्रवासाच्या दिवशी दहा वर्षे पूर्ण झालेली असतील का आणि स्वित्झर्लंडमध्ये कोणकोणती ठिकाणे धरली आहेत, एवढे कळवा. पहिल्यावर त्याच्या पॅरिसच्या तिकिटांचा आणि दुसऱ्यावर स्विस पासाचा हिशेब बदलतो, तो मी आपल्याला मांडून देईन.